आईच्या मापाचा कोट

परीक्षकांनी कोट उलटा केला आणि अस्तरावरून अंगठा फिरवत नेला. कॉलरपासून खांद्यापर्यंत, खांद्यावरून बाही जोडलेल्या मुंढ्याभोवती आणि तिथून काखेत. काखेत अंगठा थांबला. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ती शिवण डोळ्यांच्या अगदी जवळ नेली आणि टाका न् टाका निरखला.

मागे उभ्या असलेल्या शिवणाच्या बाईंना वाटलं, झालं! पोरीनं बाजी मारली.

"कोणी शिवलाय हा?"

"मी," टाचणी म्हणाली.

"एकटीनं?"

"हो सर."

"आई काय करते तुझी?"

"तयार कपड्यांच्या कारखान्यात आहे. मशीनवर."

"हं," परीक्षक म्हणाले आणि चष्मा पुन्हा नाकावर आला.

त्या एका 'हं'मध्ये सगळं संपलं होतं. बाईंना ते कळायला आणखी पाच मिनिटं लागली.

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. अंगानं काडी, आणि अकरावीत आल्यापासून ओठांत कायम दोन-चार टाचण्या धरलेल्या. बोलायची वेळ आली की आधी त्या एकेक करून काढायच्या, मनगटावरच्या छोट्या गादीत खुपसायच्या आणि मग बोलायचं. तोवर समोरच्याला उत्तराची गरज उरलेली नसायची. मुलींनी गमतीनं नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की हजेरीत खरं नाव पुकारलं तर तिला स्वतःलाच 'हजर' म्हणायला वेळ लागे.

विषयाचं नावही तसंच. परीक्षा मंडळाच्या कागदावर ते 'वस्त्रशास्त्र आणि अभिकल्प' असं होतं. मुख्याध्यापकांना बावीस वर्षांत 'अभिकल्प' हा शब्द अडखळल्याशिवाय म्हणता आला नव्हता. सगळी शाळा 'शिवण' म्हणे, आणि शिकवणाऱ्या त्या शिवणाच्या बाई. गणितानं हात टेकायला लावलेल्या आणि विज्ञानानं दारातूनच परत पाठवलेल्या मुली जिन्याखालच्या त्या खोलीत येत. खोलीत सहा मशीन होती, त्यातली दोन चालत. नव्यांसाठी बाईंनी इतके अर्ज केले होते की अर्जांचा मजकूर त्यांना पाठ झाला होता. यंदा मुली सात होत्या. सातांसाठी शिक्षक ठेवणं परवडत नाही, तेव्हा ही तुकडी गेली की विषय बंद, असं मुख्याध्यापकांनी दिवाळखोर दुकानदारासारखं खालच्या आवाजात सांगून टाकलं होतं.

बावीस वर्षांत बाईंच्या हाताखालून पुष्कळ मुली गेल्या. बऱ्याचजणी बरं शिवत, काही छान शिवत. पण कापड हातात घेतल्यावर गप्प होणारी, कापडाचं ऐकत बसल्यासारखी दिसणारी अशी ही एकच. हिला शहरातल्या डिझाइनच्या कॉलेजात जायचं होतं. प्रात्यक्षिकात शंभरपैकी सत्तर हवेत, एवढीच त्यांची अट. सत्तर म्हणजे हिच्या डाव्या हाताचा मळ, असं बाई शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना ऐकवत असत.

"बाई, जरा इकडे या," परीक्षकांनी त्यांना खिडकीशी नेलं. माणूस सज्जन होता. आवाजही चढवला नाही. "हा उजवा मुंढा बघा. डाव्यापेक्षा खाली काढलाय. पहिल्यांदा मला वाटलं, चुकला. पण चुकलेला नाही, मुद्दाम काढलाय. बाहीला एक चुणी नाही, झोल नाही. मी तीस वर्षं कोट बघतोय. हे सतरा वर्षांच्या मुलीचं काम नाही."

"तिच्या आईचा उजवा खांदा खाली आहे सर. कारखान्यात बसून बसून दोन बोटं उतरलाय. कोणताही कोट तिच्या अंगावरून घसरतो. म्हणून तर हिनं प्रकल्पाला कोट घेतला, प्रकल्पाच्या वहीत सगळी चित्रं आहेत..."

"चित्रं आहेत. पण कोट शाळेत शिवला गेला का?"

बाईंचं लक्ष परीक्षकांच्या हातातल्या वहीकडे गेलं.

नियम असा होता की काम शाळेतच व्हायला हवं, आणि आठही टप्प्यांवर शिक्षकानं काम पाहून त्या त्या दिवशी वहीत सही करायची. पण सात मुली आणि दोन मशीन. "घरी नेलंस तर चालेल," असं डिसेंबरात बाईच तिला म्हणाल्या होत्या. दर आठवड्याला ती कोट दाखवायला आणायची. बाई बघायच्या, पाठीवर हात ठेवायच्या, आणि सही राहून जायची. शेवटी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्यांनी एका बैठकीत, एकाच पेनानं, आठ सह्या करून टाकल्या.

परीक्षकांनी वही उघडली. आठही सह्यांची शाई सारखीच निळी होती.

"या सह्या त्या त्या दिवशीच्या आहेत?"

"हो," बाई म्हणाल्या.

आयुष्यात त्या फारसं खोटं बोलल्या नव्हत्या. त्यामुळे ते त्यांना नीट जमलंही नाही.

पंधरा दिवसांनी मंडळाचं पत्र आलं. 'काम स्वतःचे असल्याबद्दल शंका. चौकशीस हजर राहावे.' पत्र वाचून टाचणीनं घडी घातली. कापडाची घालावी तशी, कडेला कड जुळवून. ती रडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं.

संध्याकाळी बाई तिच्या घरी गेल्या. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, खिडकीशी हातमशीन, त्यावर टॉवेल झाकलेला. आई नुकतीच कामावरून आली होती. बाईंना खुर्ची देऊन ती स्वतः पलंगाच्या कडेवर टेकली. बाईंचं लक्ष नको म्हटलं तरी तिच्या खांद्याकडे गेलं.

"मी शिवला म्हणतात?" आईला हसू आलं. "अहो बाई, चौदा वर्षं झाली, मी फक्त कफ लावते. शर्टांचे कफ. आधीच्या बाईकडून बाही येते, मी कफ लावते, पुढच्या बाईकडे सरकवते. अख्खा शर्ट मी दुकानातच बघते, तुमच्यासारखाच."

"घरी कधी काही शिवलं नाहीत?"

"उशीचे अभ्रे. तेसुद्धा ही उसवून परत शिवते."

"आई!" टाचणी म्हणाली.

"खरं तेच सांगते ना. मी पहाटेच कारखान्याला निघते, बाई. मी गेल्यावर ही मशीनवर बसायची ते शाळेच्या वेळेपर्यंत. संध्याकाळी मला त्या तिथं उभी करायची. हलू नको. श्वास सोड. आता घे. भाजी करपायला लागली तरी हलू नको! तीन महिने मी या घरात पुतळा होते."

बाई हसल्या आणि हसता हसता त्यांच्या छातीवरचं ओझं खाली उतरलं. कारण खरं सांगायचं तर त्या 'हं'नंतर त्यांच्याही मनात एकदा पाल चुकचुकली होती. त्या शंकेची लाज वाटून त्या जरा जोरातच म्हणाल्या, "काही काळजी करू नका. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तुम्ही नुसत्या येऊन उभ्या राहा."

"येते की. मला येत नाही हे सांगायला कसली लाज?" आई म्हणाली. मग थोडं थांबून तिनं विचारलं, "अर्धा दिवस पुरेल ना? पूर्ण सुट्टी नाही देत."

मंडळाच्या इमारतीत चौकशी दुसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबलामागे तीन माणसं. मधे अधिकारी, एका बाजूला तेच परीक्षक, दुसऱ्या बाजूला लिहून घेणारी एक तरुण बाई. कोपऱ्यात एक शिलाई मशीन मुद्दाम आणून ठेवलं होतं, आणि कोट टेबलावर होता. त्याच्या काजाला दोऱ्यानं एक पुठ्ठा बांधलेला, पुठ्ठ्यावर क्रमांक.

शिवणाच्या बाईंनी बोलायची पुरती तयारी केली होती. त्यांनी आईला पुढे केलं, तिच्या अंगावर कोट चढवला, पुढून बटणं लावली. टेबलावर वाकडा, अंग चोरून पडलेला तो कोट आईच्या अंगावर सरळ झाला. दोन्ही खांदे एका रेषेत आले. चौदा वर्षांत उतरलेला खांदा जणू कधी उतरलाच नव्हता. लिहून घेणाऱ्या बाईचं लिहिणं थांबलं.

"बघितलंत?" बाई म्हणाल्या.

"बघितलं," अधिकारी म्हणाले. "कोट यांच्या मापाचा आहे. म्हणजे यांनी स्वतःसाठी शिवला असण्याची शक्यता उलट वाढते."

"अहो, स्वतःच्या पाठीचं माप स्वतःला घेता येतं का? खांद्याचा उतार..."

"आरसा असतो, बाई."

आईनं कोट काढला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि न विचारताच मशीनकडे गेली. "मला बाही लावायला द्या, साहेब. बघा मला येते का." चाचणीसाठी ठेवलेल्या कापडाचे तुकडे तिनं उचलले, उलटसुलट करून पाहिले, बाहीचा वरचा भाग कुठला हे ठरवता ठरवता तिला घाम फुटला. शेवटी बाही लागली ती उलटी. आतली बाजू बाहेर. तिनं ती उचलून टेबलासमोर धरली. एखाद्या लहान मुलीनं पाटी दाखवावी तशी.

अधिकाऱ्यांनी तिकडे पाहिलं आणि नजर वळवली. त्यांनाही ते बघवलं नसावं. "ताई, राग मानू नका," ते म्हणाले. "पण मुद्दाम वाईट शिवणं कोणालाही जमतं."

आईचा हात हळूहळू खाली आला. कफ लावणारी म्हणून ती कधी कोणापुढे वरमली नव्हती. आपल्याला येत नाही हेसुद्धा कोणी खरं मानणार नाही, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

तेव्हा शिवणाच्या बाई उठल्या. आधी काही ठरवलेलं नव्हतं, पण आता गप्प राहणं शक्य नव्हतं. "साहेब, माझी चूक आहे. सह्या मी एकाच दिवशी केल्या. परीक्षकांना मी खोटं सांगितलं. कोट घरी न्यायला मीच सांगितलं होतं, कारण मशीन बंद होती. मुलीचा यात काही दोष नाही. शिक्षा करायची ती मला करा."

परीक्षकांनी मान खाली घातली. बाईंना वाटलं, आता तरी गाठ सुटेल.

"म्हणजे," अधिकाऱ्यांनी सावकाश विचारलं, "कोट शिवला जाताना तुम्हीही पाहिलेला नाही?"

"दर आठवड्याला पाहिला. किती झालाय ते."

"शिवताना पाहिला का?"

बाई उभ्याच राहिल्या. उत्तर दोन अक्षरी होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं. लिहून घेणाऱ्या बाईनं ते लिहूनही टाकलं.

मग टाचणीची चाचणी झाली. मशीन, ठरावीक मापाचे कापलेले तुकडे, दोन्ही खांदे सारखे असलेला लाकडी पुतळा आणि दोन तास. ती बसली. टाचण्या ओठांत गेल्या. बाई भिंतीशी बसून पाहत होत्या. मशीन अनोळखी होतं, दोरा दोनदा तुटला, दोन्ही वेळा तिनं न चिडता ओवला. पाऊण तासात बाही लागली. तिनं ती पुतळ्यावर चढवली, मागे सरून पाहिली, मान तिरकी केली. मग पुतळ्यावरून काढली आणि उसवायला कात्री उचलली.

"अगं, राहू दे!" बाईंच्या तोंडून निघून गेलं. "छान झालीय."

टाचणीनं ओठांतल्या टाचण्या काढल्या. "नाही बाई. मागे ओढ आहे."

तिनं बाही उसवली, पुन्हा लावली, पाहिली, आणि पुन्हा उसवली. तिसऱ्यांदा लावत असताना वेळ संपली. कापड आता सुयांच्या भोकांनी थकलं होतं. बाही लागलेली होती, बरी होती. बारावीतल्या कुठल्याही हुशार मुलीच्या हातून होईल तशी.

परीक्षकांनी अंगठा फिरवला. "चांगली आहे," ते म्हणाले. "पण तो कोट..." त्यांनी टेबलाकडे हात केला आणि वाक्य सोडून दिलं.

"सर, तोही पहिल्यांदा असाच झाला होता," टाचणी म्हणाली. पहिल्यांदाच ती इतकं बोलत होती. "उजवी बाही मी अकरा वेळा उसवली. एकेका वेळी तीन-तीन दिवस जायचे. मला पटकन नाही येत सर. उसवून उसवून येतं. मला अजून वेळ मिळेल का? दहा दिवस द्या. इथंच बसते, तुमच्यासमोर."

परीक्षक तिच्याकडे पाहत राहिले. तीस वर्षं कोट पाहिलेला माणूस. पोरगी काय म्हणतेय ते त्या खोलीत त्यांच्याइतकं कोणालाच कळलं नसेल. "साहेब, मला वाटतं..." ते म्हणाले.

"दहा दिवस कोण बसणार इथं?" अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. "बाहेर अजून चार केसेस आहेत. चाचणीची वेळ सगळ्यांना सारखी."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

निर्णय तिथल्या तिथे झाला. मुलीच्या भवितव्याचा विचार करून गुन्हा धरायचा नाही. नापास करायचं नाही. प्रात्यक्षिकाला उत्तीर्ण होण्यापुरते गुण, पस्तीस. कोट नियमाप्रमाणे एक वर्ष मंडळाच्या ताब्यात. बाईंना लेखी समज. "मुलीचं वर्ष वाया जाऊ दिलं नाही आम्ही," अधिकारी म्हणाले, आणि ते त्यांना मनापासून वाटत होतं. "थांबून पुढच्या वर्षी पुन्हा प्रात्यक्षिकाला बसू दे हवं तर."

"पुढच्या वर्षी विषयच नाही," बाई म्हणाल्या.

"असं होय," अधिकारी म्हणाले. त्यांनी खेदानं मान हलवली आणि पुढची फाइल ओढली.

बसथांब्यावर तिघी उभ्या राहिल्या. ऊन डोक्यावर आलं होतं. आईची अर्ध्या दिवसाची रजा संपत आली होती. बाईंना पुष्कळ बोलायचं होतं. वरच्या कार्यालयात जाऊ, अर्ज करू, मी कॉलेजला स्वतः भेटते, असं सगळं. प्रत्येक वाक्य त्यांनी मनात सुरू केलं आणि ते अर्ध्यावर येऊन थांबलं, कारण पुढे काय होणार ते त्यांना दिसत होतं. अर्जांचा मजकूर त्यांना पाठ होता.

"मी सह्या वेळेवर केल्या असत्या तर," शेवटी त्या एवढंच म्हणाल्या.

"तुम्ही घरी न्यायला परवानगी दिलीत म्हणून तर झाला तो कोट," आई म्हणाली. "तुम्ही तरी काय करणार बाई. दोन मशीनमध्ये."

तिनं हे समजूत घालायला म्हटलं होतं. बाईंना ते बोलणं समजपत्रापेक्षा जड गेलं.

बस आली. पुढच्या बाकावर मायलेकी बसल्या, बाई मागच्या. टाचणी खिडकीशी होती. आदल्या रात्री तिचा डोळा लागला नसावा. दोन चौक गेले नाहीत तोच ती झोपली, तोंड थोडं उघडं टाकून, अगदी लहान पोरासारखी. रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला तिचं डोकं काचेवर आपटत होतं आणि तरी ती जागी होत नव्हती. आईनं ते दोनदा पाहिलं. मग हात लांब करून तिनं आपला तळवा काच आणि डोकं यांच्यामध्ये सरकवला आणि तसाच धरून ठेवला.

कारखान्याचा थांबा आला. वाहकानं नाव पुकारलं. दाराशी माणसं चढली, उतरली. बाई पुढे वाकून हळूच म्हणाल्या, "अहो, तुमचा थांबा."

"असू दे," आई मागे न वळता म्हणाली. "झोपलीय."

बस सुटली. पुढचा थांबा बाईंचा होता. त्यांनी पर्स मांडीवर घेतली, नीट धरली, आणि थांबा आला तेव्हा त्याही उठल्या नाहीत.